चिचटोल्याचा ठराव

केंद्रप्रमुख रत्नमाला रामटेके यांनी ठरावाचा कागद टेबलावर सरळ केला आणि पंचफुलाबाईंपुढे सरकवला. पंचफुलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चिचटोल्याच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या त्या अध्यक्ष. भाताची रोवणी अर्धी टाकून आल्या होत्या. पाय पायरीवर धुतले तरी चिखल नखांत राहिलाच होता.

"शाळा बंद होत नाही, मावशी," रत्नमाला म्हणाल्या. "फक्त कारभार एकत्र होणार. आपलं शाळांचं केंद्र शेजारच्या केंद्रात जाईल, आणि दोन शाळांना मिळून एकच मुख्याध्यापक. सरकारचा खर्च वाचेल."

"दवाखान्याच्या येळीबी असंच सांगतलं होतं. पह्यले दोन गावाले मिळून एक नर्सबाई. मंग ते बी आलीच नाई."

भिंतीला टेकून बसलेल्या सदस्यांनी माना डोलावल्या.

रत्नमालांनी परिपत्रकातले मुद्दे पुन्हा सांगितले, एकही न गाळता. कित्येक दिवस त्या गावोगाव हेच सांगत होत्या आणि गावोगाव लोक नाही म्हणत होते. त्याचं त्यांना वाईट वाटत नव्हतं. गावांचा नकार वर कळवला गेला तर प्रस्ताव मागे पडणार होता. केंद्र मोडलं तर मात्र त्यांचं पद जाणार आणि नेमणूक जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, तुमसरपल्याड कुठेतरी होणार. लाखांदूरला घरी लकवा झालेली आई होती. आईचं आजारपण सगळ्यांना ठाऊक होतं, पण आपलं पद जाणार हे कुठल्याच गावात बोलायचं नाही, असं त्यांनी पहिल्या सभेआधीच ठरवलं होतं.

"मंग लिवा," पंचफुलाबाई म्हणाल्या, "चिचटोल्याले मंजूर नाई."

रत्नमालांनी पेनाचं टोपण काढलं. तेवढ्यात फोन वाजला. आत आवाज तुटत होता म्हणून त्या खिडकीशी गेल्या आणि स्पीकर लावला. तालुक्याच्या कार्यालयातले साहेब होते.

"चिचटोल्याचं झालं?"

"चर्चा सुरू आहे, सर."

"कसली चर्चा? जिथं जाता तिथून नकार घेऊन येता. लोकांना समजावणं जमत नसेल तर तसं लिहून द्या, मी पुढचं बघतो. आज रिकाम्या हातानं येऊ नका."

"हो, सर."

रत्नमाला परत येऊन बसल्या आणि उगाच कागदाचा कोपरा दाबत राहिल्या.

"तुमची माय कशी हाय?" पंचफुलाबाईंनी विचारलं.

"तशीच. डावं अंग हलत नाही."

"खाऊ कोन घालते?"

"मीच. दुपारी जाऊन येते."

पंचफुलाबाईंनी रत्नमालांच्या हातातलं पेन काढून घेतलं, कागद ओढला आणि 'मंजूर' या छापील शब्दाखाली एकेक अक्षर जोडत आपलं नाव लिहायला सुरुवात केली.

"मावशी, थांबा!"

"कायले थांबू? शाळेचं आमी पाहून घेऊ. भांडाले गावात मायंदाळ लोक हाव आमी. तुमी एकट्या हा. घरी माय बिमार, अन् आमच्यापायी तुमच्या नौकरीवर आच येऊ द्याची का?"

रत्नमालांचा हात कागदाकडे गेला आणि टेबलाच्या कडेवर थांबला. सही करा, हेच तर त्या तासाभरापासून सांगत होत्या. आता करू नका म्हणायचं, तर कारण सांगावं लागलं असतं.

"तुमीबी करा रे," पंचफुलाबाईंनी सदस्यांना फर्मावलं. "म्याडमले उशीर होऊन रायला."

सदस्यांनी एकमेकांकडे पाहिलं. मग एकेक जण उठला.

सह्या झाल्यावर पंचफुलाबाईंनी कागद दोन्ही हातांनी उचलून रत्नमालांपुढे ठेवला.

"आता तं तो साहेब तुमाले काई बोलनार नाई ना?"

"नाही," रत्नमाला म्हणाल्या. "आता काही बोलणार नाहीत."