बिनवजनाचा माणूस

मी काम करतो त्या बाइंडिंगच्या कारखान्यात पुस्तकांच्या कडा कापल्या जातात, तेव्हा यंत्राखाली कागदाच्या अरुंद पट्ट्यांचा ढीग साचतो. त्या पट्ट्या मी घरी आणतो, एका कडेने शिवून वही करतो आणि पानोपानी थोडे थोडे बदलत जाणारे चित्र काढतो; अंगठ्याखालून पाने भरभर सोडली की ते हलते. मला हे कुणी शिकवलेले नाही. पहिले दोन महिने मी केवळ उसळणारा चेंडू काढला. चित्रे सारख्या अंतरावर काढली, तर तो दोरीने ओढल्यासारखा सरके. मग वरच्या टोकाशी ती दाट केली, खाली येताना विरळ केली. आणि एका संध्याकाळी तो माझ्या अंगठ्याखाली खरोखर उसळला. एवढ्या आनंदाचे काय करावे हे न कळून मी खिडकी उघडून उगाच बाहेर पाहत राहिलो.

चेंडूनंतर चालणारा माणूस. दोन पावले, चोवीस पाने. पण तो चालेना. पाय हलत, आणि तो मात्र जमिनीवरून तरंगत जाई. सात वह्या भरल्या.

ताई पलीकडच्या खाटेवरून हे पाहत असे. ती घरोघरी जाऊन विजेचे मीटर वाचते. जिन्यावरून पडून तिचा पाय मोडला होता. प्लास्टर निघाले, तरी ती त्या पायावर भार देत नव्हती. व्यायाम शिकवणाऱ्या बाई परवा स्पष्टच बोलल्या, "हाड जुळलंय. आता पाय टेकला नाहीत, तर तो असाच आखडून राहील." त्या गेल्यावर ताईने भिंतीकडे तोंड फिरवले. मला अशा वेळी शब्द सुचत नाहीत. मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.

रविवारी सकाळी तीच म्हणाली, "आण इकडे तुझं ते ध्यान."

तिने वही तीनदा फरफर उलटली. "हा चालतोय कुठे? ह्याला कुणीतरी ट्रॉलीवर ठेवून ढकलतंय."

"तेच तर कळत नाहीये."

"डोकं बघ की त्याचं. सगळ्या पानांवर एकाच उंचीवर."

"मी आधी पट्टीने रेघ मारून घेतो. म्हणजे वाकडं होत नाही."

"अरे बाइंडरा, माणूस आहे तो, पुस्तकाची कड नाही. पाय टेकला की माणूस जरा खाली जातो, मग वर येतो."

माझ्या अंगावर काटा आला. "किती खाली?"

"मोजून ठेवलंय होय मी?"

"मग मोजू या," मी म्हणालो, आणि माझेच मला नवल वाटले.

ती वॉकर धरून भिंतीलगत उभी राहिली. मी पेन्सिल तिच्या डोक्यावर आडवी धरून टोक भिंतीला टेकवले आणि तिच्या बरोबरीने सरकू लागलो. चांगला पाय टेकला: रेघ खाली गेली, वर आली. मग दुखरा पाय. तिने नुसती बोटे लावली, सारा भार हातांवर घेतला. रेघ सपाट गेली.

ताईने त्या सपाट रेघेवरून बोट फिरवले.

"हा तुझा ट्रॉलीवाला," ती हळूच म्हणाली. मग वॉकर बाजूला सारला. "खांदा दे. आणि पेन्सिल हलवू नकोस."

तिची बोटे माझ्या खांद्यात रुतली. दुखरा पाय पुढे आला, टाच टेकली, मग पाऊल. पेन्सिलीचे टोक थरथरत खाली उतरले. थोडीशीच, वेडीवाकडी, पण खाली वाकलेली रेघ.

आई आतून आली. तिने भिंत पाहिली, ताईचा पाय पाहिला, आणि भिंतीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही.

मी धावतच टेबल गाठले. पट्टी खणात टाकली. भिंतीवरचा प्रत्येक चढउतार मोजून, खिडकीच्या काचेवर पानावर पान धरून, जेवणाची हाक न ऐकता आठवी वही पुरी केली. अंगठ्याखालून पाने सोडली, आणि तो माणूस चालला. जमिनीवरून चालला.

ताईने वही हातात घेतली. "लंगडतोय की हा."

"तुझीच रेघ आहे."

तिने ती पुन्हा उलटली, मग आणखी एकदा.

"उद्या परत मोज," ती म्हणाली.