काशम्माचा पाय

काशम्माचा उजवा पाय घोट्याच्या वरपर्यंत काळा पडला होता आणि तो कापावा लागणार, हे त्या दवाखान्यात झाडून सगळ्यांना ठाऊक होतं. डॉक्टरांना ठाऊक, वॉर्डातल्या बायकांना ठाऊक, खाली गेटवरच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या काशम्माला. आता पाय कुणाचा आणि पत्ता कुणाला नाही, बघा!

हे घडवून आणलं होतं तिच्या मुलानं, नंदीशनं. सोलापूरच्या मार्केट यार्डात त्याची कांद्याची आडत. माणूस वाईट नव्हता. आईला मैंदर्गीहून गाडीत घालून त्यानंच आणलं होतं, वेगळी खोलीही घेऊन दिली होती. पण त्याला धास्ती होती, की पाय कापायचा म्हटलं की म्हातारी हट्टाला पेटेल, गावाकडं परत नेऊन सोड म्हणेल आणि विष अंगभर पसरून हकनाक मरेल. धास्ती खोटी नव्हती. साखर कधीची हाताबाहेर गेली होती. म्हणून त्यानं आईला सांगून टाकलं, जखम साफ करायची आहे, फार तर एखादं बोट काढतील.

काशम्मानं ऐकून घेतलं आणि संमतीच्या कागदावर अंगठा काही दिला नाही. तिचा नवरा दवाखान्यात होता तेव्हाही हाच नंदीश रोज घरी येऊन सांगायचा, अप्पा बरे आहेत, आज दोन घास जेवले. आणि एका सकाळी अप्पांना थेट अंगणातच उतरवलं, पांढऱ्या चादरीत. तेव्हापासून दवाखान्यातलं काहीही ती पोराच्या तोंडून ऐकायला तयार नव्हती. शिवलीला सांगू दे, म्हणाली, तिनं सांगितलं की लगेच अंगठा देते.

शिवलीला म्हणजे काशम्माच्या सख्ख्या बहिणीची सून, आणि त्याच दवाखान्यात नर्स. घरात कन्नड, बाहेर मराठी, दोन्हीकडं जीभ सारखीच चालायची. आणि तिचा नवरा सोमशेखर नंदीशच्याच आडतीवर कामाला होता. पोरीची फी, घराचं भाडं, सगळं त्याच पगारावर.

डॉक्टर इंद्रजीतनी तिला केबिनमध्ये बोलावलं. नंदीश आधीच येऊन बसला होता. डॉक्टर हुशार, हाताला यश असलेले, पण घाईचे. ते म्हणाले, गुडघ्याखालून कापायचं आहे, आज झालं तर गुडघा वाचतो, उद्याचं सांगता येत नाही. पेशंट फक्त तुमचं ऐकते, तर तिच्या भाषेत तिला सांगा की छोटं ऑपरेशन आहे आणि अंगठा घ्या. नंतर शुद्धीवर आली की आपण समजूत घालू.

"म्हणजे उठून बघेल तेव्हा पाय नसेल, आणि मग आपण समजूत घालायची," शिवलीला म्हणाली. "मी न्हाय सांगणार खोटं."

नंदीशनं आधी विनवलं. वहिनी, माझी आई आहे, मला काय तिचा पाय नकोसा झालाय का, म्हणाला. म्हणताना त्याचे डोळे भरून आले. पण ती हलत नाही असं दिसल्यावर त्याचा आवाज बदलला. सोमशेखरला मी भावासारखं धरलंय, म्हणाला, तेवढं ध्यानात असू द्या. डॉक्टरांनी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी ऐकलं नव्हतं असं नाही, ऐकायचं नव्हतं.

शिवलीलाला भीती वाटली, का वाटू नये? सोमशेखर किती महिने घरी बसून होता ते तिनं पाहिलं होतं. आणि म्हातारी खरंच नको म्हणाली आणि मेली, तर सगळा भावकीचा गोतावळा तिच्याच नावानं खडे फोडणार होता. पण भीतीच्याही वर तिला संताप आला होता. काशम्मानं अख्ख्या खानदानात तिच्या एकटीवर विश्वास टाकला, आणि हे दोघं नेमका तोच विश्वास हत्यारासारखा वापरायला निघाले होते.

"आणि ती नको म्हणाली तर?" डॉक्टरांनी विचारलं.

"तर नको म्हणंल. पाय तिचा हाय, डॉक्टर. मी जाते आणि जे खरं हाय ते सांगते. तुमी दोघंबी चला की, आडपडदा कशाला?"

नंदीश दारात आडवा झाला. ती त्याच्याकडं बघत नुसती उभी राहिली. शेवटी तोच बाजूला झाला आणि डॉक्टरांबरोबर तिच्या मागून निघाला.

खोलीत शिवलीला काशम्माच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घेतला आणि कन्नडमध्ये सगळं सांगितलं. बोट नाही अव्वा, पाय. इथून खाली. तिनं स्वतःच्या गुडघ्याखाली आडवा हात धरून दाखवला. नाही कापला तर काय होईल तेही सांगितलं, कापल्यावर किती दुखेल तेही, आणि डॉक्टरांचा हात चांगला आहे हेही. काही म्हणता काही झाकून ठेवलं नाही.

काशम्मानं पांघरूण सारून तो काळा पाय बघून घेतला. नंदीश भिंतीकडं तोंड करून उभा होता. मग म्हातारीनं विचारलं, "नन्न कालु येल्लि होगतैति?"

माझा पाय कुठं जाणार, असं विचारतेय, शिवलीलानं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर गोंधळले. हे त्यांना आजवर कुणी विचारलं नव्हतं. दवाखान्याच्या कचऱ्याबरोबर भट्टीत जळतो, म्हणाले. शिवलीलानं तेही जसंच्या तसं कन्नडमध्ये सांगितलं आणि काशम्मानं हात मागं ओढून घेतला.

डॉक्टरांना कळेना काय बिघडलं. पण नंदीशला कळलं, आणि तो एकदम खाली बसला. त्यांच्या समाजात माणूस जाळत नाहीत. विभूती लावून, मांडी घालून, बसवून मातीत ठेवतात. अप्पांनाही मैंदर्गीच्या शेतात तसंच ठेवलं होतं, नंदीशनं स्वतःच्या हातांनी. आणि आता तो आईचा पाय तिला न सांगता भट्टीत घालायला निघाला होता. कापायच्या घाईत हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

काशम्मा बोलत होती, शिवलीला सांगत होती. कापा म्हणते. जगायचं आहे तिला, नातवाचं लग्न बघायचं आहे. पण पाय जाळायचा नाही. तो मैंदर्गीला अप्पांच्या शेजारी पुरायचा. असं कबूल असेल तर अंगठा, नसेल तर गाडी काढा.

डॉक्टरांनी घसा साफ केला. नातेवाइकांनी लेखी मागितला तर देता येतो, म्हणाले, तेवढं मी बघतो. मग शिवलीलाकडं वळून, उद्या ऑफिसात येऊन भेटा, असंही कडक आवाजात म्हणाले. येते की, ती म्हणाली.

काशम्मानं अंगठा दिला. शाई शिवलीलानं म्हातारीच्याच पदराला पुसली. मग नंदीशकडं बघून सोमशेखरचं काय ते आत्ताच सांगून टाका, म्हटलं, तर तो स्ट्रेचर आणायला बाहेर पडला.

स्ट्रेचर दारापर्यंत गेलं तेव्हा काशम्मानं मुलाला जवळ बोलावलं. आणि या खेपेला मराठीत बोलली, मोडक्यातोडक्या, पण डॉक्टरांनाही कळावं अशा.

"खड्डा तूच खण. आन मोठा खण. मला बी मागनं तितंच मांडी घालून बसायचंय, पाय शोधत हिंडायला लावू नको."