अन्नपूर्णाबाईंची नवी खोली

गुलबर्ग्याच्या एका खासगी शेती संशोधन केंद्रात अन्नपूर्णाबाई एकोणीस वर्षं तुरीच्या मर रोगावर, म्हणजे बुरशीनं उभं झाड वाळून जाण्यावर, काम करत होत्या. ज्या बुरशीचा अभ्यास केला, तिच्यामुळंच त्यांना दमा जडला. डॉक्टरांनी त्यांचं प्रयोगशाळेत जाणं बंद केलं. केंद्रानं त्यांना ग्रंथालय दिलं.

त्यांनी ग्रंथालयशास्त्राची परीक्षा दिली. पोत्यांत पडलेले जुने अहवाल तोंडाला फडकं बांधून वाचले, रोगाप्रमाणं अन् तालुक्याप्रमाणं लावले. तरी कुणी "आता काय करता?" विचारलं, की "पुस्तकं सांभाळते," म्हणताना त्यांचा आवाज बारीक व्हायचा.

एका सकाळी चिटगुप्प्याकडची राजूबाई दारात उभी राहिली. पिशवीत वाळलेलं तुरीचं झाड. प्रयोगशाळेतली माणसं कडगंचीला परिषदेला गेली होती.

"अक्का, उभी झाडं वाळायलेत. कामून वो?"

अन्नपूर्णाबाई मागं सरल्या. "मावशी, झाड बाहेरच राहू द्या. मला त्यानं धाप लागते."

त्यांनी खिडकी लावून घेतली आणि काचेतून खुणेनं सांगितलं, तसं राजूबाईनं अंगणात बसून विळ्यानं खोड उभं चिरलं. आत काळी रेघ होती. मर रोगच.

हात धुऊन ती आत आली.

"त्या रानात दरसाल तूरच घेता?"

"व्हय. मालक होते तवा मदी जवारी असायची. त्ये गेले, मग एकटीला रेटंना."

अन्नपूर्णाबाईंनी एक जुना इंग्रजी अहवाल काढला. तुरीत ज्वारीचं आंतरपीक घेतलं तर मर कमी होते, आणि तग धरणारं बियाणं कोणतं, हे त्यात होतं. त्या मराठीत लिहून द्यायला लागल्या.

"मला वाचाया येत न्हाई. सांगा, ध्यानात ठिवते."

तिनं तीनदा ऐकलं, चौथ्यांदा स्वतः म्हणून दाखवलं.

"ह्ये तुमी शोधलाव?"

"नाही मावशी. कुणीतरी चाळीस वर्षांमागं लिहिलं. मी नुसतं काढून दिलं."

"नुसतं कसं? मला कोण दिलं असतं?"

अन्नपूर्णाबाईंनी तिला पाणी दिलं.

पुढल्या हंगामानंतर राजूबाई परत आली, शेजारच्या नागम्माला घेऊन. नागम्मानं आणलेलं वाळलेलं झाड तिनं अंगणातच ठेवायला लावलं. "समदी न्हाई वाचली, पण निम्म्याच्या वर उभी ऱ्हायली," तिनं दारातूनच सांगितलं.

व्हरांड्यातून प्रयोगशाळेचे प्रमुख श्रीनिवासराव म्हणाले, "इकडं या, झाड तपासू."

"येताव की," राजूबाई म्हणाली. "अगुदर अक्काशी बोलू द्या."

अन्नपूर्णाबाईंनी दोन खुर्च्या ओढल्या आणि नागम्माला विचारलं, "जमीन काळी का तांबडी?"