कुंकवाखालचा तारा

खंडेनवमीच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, जिवनबाईंनी मला हळदीकुंकू लावले. आखाडा बाळापूरच्या बाहेर, डोंगरकड्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एक कोठी आहे. तिच्या बाहेरच्या खोलीतल्या टेबलावर मी पडून होते. कुणाच्याही मनात वाईट काही नव्हते.

मित्रांनो, मी एक जुनी काचपट्टी आहे. माझ्या एका बाजूला जिलेटिनचा पातळ लेप आहे. १९७४ सालच्या जानेवारीत, इथून फार दूरच्या एका वेधशाळेत, मला दुर्बिणीत बसवून आकाशासमोर धरले होते. प्रकाश पडला तिथे लेप काळा झाला. म्हणून माझ्यावरचे आकाश उलटे आहे. आभाळ स्वच्छ काचेचे आणि तारे काळे, खसखशीच्या दाण्याहून बारीक.

नंतर ढग आले. आकाशाच्या त्या तुकड्याचे छायाचित्र त्या हंगामात पुन्हा निघाले नाही. तेवढी एक गोष्ट माझ्या नावावर आहे.

पहिली काही वर्षे लोक मला उजेडावर धरून भिंगातून बघत. ‘काय स्वच्छ आली आहे,’ असे म्हणत. मग नवे कॅमेरे आले आणि काचेचे काम संपले. आम्हाला खोक्यांत भरून पत्र्याच्या गोदामात ठेवले. उन्हाळ्यात लेपाचे पापुद्रे सुटत, पावसाळ्यात त्यावर बुरशी चढे. माझ्या शेजारची पट्टी वरच्या वजनाने तडकली. तिच्यावर कोणते तारे होते, हे आता कुणालाच सांगता येणार नाही.

या कोठीत आल्यापासून तसे काही होत नाही. इथे बाराही महिने सारखा गारवा असतो. एक यंत्र हवेतला ओलावा ओढून घेते. प्रत्येक पट्टी कागदी पाकिटात, पुस्तकासारखी उभी. वीज गेली की जनरेटर लागतो. इथे मला कुणी बिघडवत नाही आणि कुणी बघतही नाही. पाकिटातल्या अंधारात शेजारणीचा आवाजही येत नाही. काचेला आवाज नसतो. सुरक्षित राहणे म्हणजे असे एकटे राहणे, हे मी मान्य केले होते.

कोठीची जबाबदारी साक्षी नावाच्या मुलीकडे आहे. ती हिंगोलीहून बसने येते. ‘या काचा जपून उपयोग काय?’ हा प्रश्न कोठी चालवणाऱ्या संस्थेच्या प्रत्येक बैठकीत तिला विचारतात. या आश्विनात पहिल्यांदा तिच्याकडे उत्तर आले. आकाशातला एक तारा उन्हाळ्यापासून मंद होत चालला आहे. तो पूर्वीही असा मंदावला होता का, हे अभ्यासकांना हवे होते. त्या जानेवारीतला तो तारा फक्त माझ्यावर आहे.

गार काच एकदम उघडली तर तिला घाम फुटतो. म्हणून साक्षीने मला आधी पाकिटातच बाहेरच्या खोलीत ठेवले. पुरेशा वेळाने पाकीट काढले आणि लेपाची बाजू वर करून मला मऊ कागदावर ठेवले. लेप घासू नये म्हणून तो वरच ठेवायचा, असा नियम आहे. मग फोन आला आणि ती अंगणात गेली.

तेवढ्यात पूजेचे ताट घेऊन जिवनबाई आल्या. त्या इथे झाडलोट करतात. खंडेनवमीला घरोघरी विळा, पाभर, शिवणयंत्र पुजतात. मग कोठीतले यंत्र कसे सुटेल? त्यांनी ओलावा ओढणाऱ्या यंत्राला बोट लावले, मग जनरेटरच्या बटणाला, मग कुलपाला.

दारातला पहारेकरी नरसिंग हसला. “मावशी, कुलूपबी सोडलं न्हाई तुमी. मलाबी लावा की.”

“जे काम करतं त्याला लावतेत. तू काहून मधी येऊन राहिला?”

“आन् ती काच? ती काय काम करते?”

जिवनबाई माझ्यापाशी थांबल्या. “एवढी वर्सं अंधारात गप बसून राहिली बिचारी. ते काय कमी काम हाय?”

आणि त्यांनी ओले बोट माझ्यावर टेकवले. आधी हळद, मग कुंकू. खरे सांगते मित्रांनो, बोट उबदार होते. कित्येक वर्षांत मला कुणी हातमोज्याशिवाय हात लावला नव्हता.

साक्षी आत आली आणि दारातच थांबली. तिचा चेहरा बघून जिवनबाई घाबरल्या, पदराचे टोक घेऊन पुढे वाकल्या.

“मावशी, पुसू नका! हात मागं घ्या. लेप निघून येईल.”

पदर माझ्यापासून वीतभर अंतरावर थांबला.

“म्या काय वंगाळ केलं का, पोरी? घरची हळद हाय, भेसळ न्हाई.”

“न्हाई मावशी. चूक माझी हाय. तुमाला दार उघडून दिलं, पण काय करायचं न्हाई ते कधी सांगितलंच न्हाई.”

“माझी बोटं धुवून येऊ का? चांदणी गेली का तिच्यातली?”

साक्षीने हातमोजे चढवले, मला कडांनी उचलून उजेडावर धरले आणि भिंग लावले. डाग अजून ओला होता.

मित्रांनो, मला अंधारात विसरू नका, एवढेच मागायचे ठरवले होते. आता मागणे थोडे वेगळे आहे. काचेला हात लावा, जरूर लावा. पण कडेला धरा, आणि लावण्याआधी तिच्या माणसाला एकदा विचारा.

आज मी वेगळ्या पाकिटात आहे. डाग वाळला आहे. पुसायचा की नाही, हे जुन्या काचपट्ट्यांचे पुण्यातले एक जाणकार ठरवणार आहेत. त्यांचे उत्तर आलेले नाही. जिवनबाई रोज झाडू टेकवून विचारतात, “आली का खबर?” साक्षी नकारार्थी मान हलवते. जिथे तो तारा असायला हवा, तिथे, डागाच्या अगदी कडेला, उजेडावर धरल्यावर एक काळा ठिपका दिसतो. तो ताऱ्याचा आहे की कुंकवाचा कण, हे अजून ठरलेले नाही.