शुक्रवार आणि मंगळवार

माझ्या पोटात काही राहत नाही. हे सगळ्या पाळी गावाला माहीत आहे, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्वच होता. गोवा राज्य होऊन चार वर्षं झाली होती. त्याआधी कोकणी की मराठी यावर मी तिंट्यावर, गावच्या चव्हाट्यावर, एवढा भांडलो होतो की सख्ख्या मेव्हण्याने दोन वर्षं तोंड दाखवलं नव्हतं. बोललो, मोकळा झालो, घरी येऊन पेज जेवलो. माणसाने असंच असावं असं मला वाटायचं.

माझा मुलगा सुदेश आखातातल्या एका देशात शावेल, माती उपसायचं यंत्र, चालवायला गेला होता. त्या देशाचं नाव मी अजून घेत नाही. खाणीवर मी तीस वर्षं फोरमन, माती कशी उपसायची आणि कशी बसवायची ते मीच त्याला शिकवलेलं. त्याचं पत्र आलं ते पोस्टाने नव्हे. सुट्टीवर आलेल्या मोरजीच्या एका माणसाने हातोहात आणून दिलं. सुदेशने लिहिलं होतं: 'बाबा, वाळवंटात आम्हाला लांबलचक चर खणायला लावतात. ट्रेलरवरून पुरुषभर उंचीची लोखंडी चाकं येतात, ती आत सोडायची, वर माती घालायची. मी माती अशी बसवतो की कालपर्यंत इथे खड्डा होता हे कोणाला सांगून खरं वाटणार नाही. साहेब खूश आहे. हे कोणाला सांगू नका.'

आता ही शेवटची ओळ. आमच्याकडे मुलाला चांगलं काम लागलं, साहेब खूश झाला, की कोणाला सांगू नका म्हणायचीच रीत. दिष्ट लागते ना! माझ्या बायकोने, प्रभावतीने, लगेच मीठ-मिरच्या घेतल्या, सुदेशच्या फोटोवरून उतरवल्या आणि चुलीत टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही म्हणजे दिष्ट होतीच, असं ती म्हणाली. झालं, दिष्ट निघाली. मग सांगायला कोणाच्या बापाची भीती?

मी पत्र तिंट्यावर नेऊन मोठ्याने वाचलं. गोकुळदास तिथेच होता. तो पणजीच्या एका मराठी दैनिकाला गावच्या बातम्या पाठवायचा. चार दिवसांनी छापून आलं, 'पाळीच्या सुपुत्राची आखातात कामगिरी', सुदेशच्या नावासकट, चाकांसकट, चरांसकट. मी ते कात्रण कापलं, पाकिटात घातलं, कंपनीच्या छावणीचा पत्ता लिहिला आणि सोमवारी डिचोलीच्या पोस्टात टाकून आलो. पोराला बरं वाटेल म्हणून.

गुरुवारी संध्याकाळी माझी सून प्रिया रेडिओ लावून तांदूळ निवडत होती. बातम्यांत त्याच देशाचं नाव आलं. व्हिएन्नाहून तपासनीस गेले होते. अणुबाँबचं सामान, मोठमोठ्या लोखंडी चाकांची यंत्रं कुठे आहेत, दाखवा, असं ते विचारत होते. सरकार म्हणत होतं, आमच्याकडे असली यंत्रं नाहीत, कधी नव्हतीच. संयुक्त राष्ट्रांनी पुढच्या शुक्रवारची मुदत दिली होती. शुक्रवारपर्यंत सगळं उघड केलं नाही तर बाँब टाकायला विमानं जातील.

प्रियाने सूप खाली ठेवलं. "बाबा, ती चाकं."

"कसली चाकं?"

"सुदेशनी पुरली ती. आणि तुम्ही कात्रण पाठवलंत." "तिथे पाकिटं फोडून वाचतात. सुदेशची पोस्टाने येणारी पत्रं बघा, एकसुद्धा न फोडलेलं नसतं. म्हणून तर हे हातोहात पाठवलं!"

"मराठी कोण वाचणार तिथे?" मी ओरडलो. भ्यालो की मी ओरडतो.

"छावणीत मराठी वाचणारे चाळीसजण आहेत. कोणालाही पुढे बसवून वाचून घेतील."

एक अख्खा देश जगाला नाही-नाही म्हणतोय आणि माझ्या पाकिटात लिहिलंय होय, आणि खाली माझ्या पोराचं नाव. त्याला ते जिवंत ठेवतील?

शुक्रवारी पहिल्या बसने आम्ही दोघं डिचोलीला. प्रभावतीला सांगितलं, प्रियाचे दात दुखतात. पोस्टमास्तर सगुण माझ्या ओळखीचा. टाकलेलं पत्र परत मागायचा अर्ज असतो, तो त्याने स्वतः भरला, मुंबईला तार केली. तीन तास आम्ही बाकावर बसलो. उत्तर आलं: थैली बुधवारीच विमानाने गेली.

"शिवदासबाब, अजून काय करू सांगा," सगुण म्हणाला. त्याला काय सांगणार? पहिल्यांदाच मी बोललो नाही.

प्रियाचं डोकं माझ्यापेक्षा बरं. तिने कंपनीला दुसरी तार लिहिली: आई अत्यवस्थ, सुदेशला ताबडतोब पाठवा. मी म्हटलं, "अगो, ती घरी नारळ सोलत बसली आहे!" ती म्हणाली, "मग बसू दे. आईंना कळवू नका म्हणजे झालं." जित्या बायकोला मरायला टाकली आणि सही केली.

कंपनीचं उत्तर रविवारी आलं. तपासणी चालू असेपर्यंत छावणीतून कोणालाही बाहेर सोडत नाहीत. शुक्रवारी मुदत संपली, निकाल लागला, की शनिवारच्या विमानाने सुदेशला पाठवतो.

प्रियाने भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर हिशेब केला. आमची पत्रं सुदेशला सोळाव्या दिवशी मिळतात, असं तो नेहमी लिहायचा. फोडणारे एक दिवस आधी फोडत असतील. म्हणजे मंगळवार. शुक्रवारी सुटका, मंगळवारी पाकीट. मध्ये चार दिवस होते. पुरे होते.

तो आठवडा कसा काढला ते माझं मला ठाऊक. तिंट्यावर फिरकलोच नाही. न्यूयॉर्कमध्ये कोण कोणाला भेटला, व्हिएन्नाचा साहेब काय म्हणाला, सगळं मी कान लावून ऐकायचो. देवा, त्यांना काहीतरी कबूल करायला लाव, असं म्हणायचो. चाकं दाखवा, फेका, गिळा, काय वाटेल ते करा, पण शुक्रवारी संपवा! प्रभावतीला वाटलं मला लढाईची भीती वाटतेय. ती मलाच धीर द्यायची.

शुक्रवारी गोकुळदासच्या दुकानात रेडिओभोवती पंचवीस-तीस माणसं. आमच्या भागातली बरीच पोरं आखातात, त्यामुळे सगळ्यांचाच जीव टांगणीला. प्रभावतीसुद्धा आली होती, डोक्यावर पदर घेऊन. बातम्या लागल्या. बोलणी यशस्वी झाली होती. त्या देशाने तपासनिसांना सहकार्य करायचं मान्य केलं होतं. लढाई टळली. मुदत एका महिन्याने वाढवली होती, तोवर तपासणी चालू राहील.

दुकानात एकच गलका. कोणी देवाला हात जोडले, कोणी रडलं. गोकुळदासने बरणी उघडून सगळ्यांच्या हातावर खाजं ठेवलं. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "शिवदासबाब, वाचला तुमचा सुदेश! आता तरी तोंड उघडा!"

मी प्रियाकडे बघितलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती. एक महिना. छावणीचं दार एक महिना बंद. आणि मंगळवार चार दिवसांवर.

प्रभावती माझ्याजवळ आली. कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा फुलला होता. "आयकलें? लढाई ना आता. आमचो सुदेश येतलो मरे?"

सगळं ओठांवर आलं. पत्र, कात्रण, तार, मंगळवार. तिच्या हातातलं खाजं तिने अर्धं मोडून माझ्यापुढे धरलं होतं.

"येतलो," मी म्हटलं, आणि तेवढंच बोललो.