केसरबाईंच्या पोटातले पाच दिवस

मी एक पांढरी कडी बोलतेय. साबुदाण्याएवढी, मधे भोक असलेली. एक्स-रेत उठून दिसावं म्हणून प्लास्टिकमध्ये बेरियम मिसळून मला घडवलं. आम्ही चोवीस बहिणी एका कॅप्सूलमध्ये दाटीवाटीनं बसलो होतो. माणसानं आम्हाला गिळायचं, आम्ही अन्नासोबत चालायचं आणि कोण कुठवर पोचली ते पाचव्या दिवशी फोटोत दाखवायचं, एवढंच आमचं काम.

संभाजीनगरच्या एका दवाखान्यात डॉक्टर सुमय्यांनी आम्हाला पाचोडच्या केसरबाईंच्या तळहातावर ठेवलं. बाईंना तीस वर्षांपासून बद्धकोष्ठता. सोबत नवरा साहेबराव आणि लेक तनुजा.

"कड्या सगळीकडे विखुरलेल्या दिसल्या, तर आतडंच मंद आहे. मग कदाचित ऑपरेशनचाही विचार करावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "पाच दिवस चूर्ण, जुलाब काही घ्यायचं नाही."

केसरबाईंनी घोटभर पाण्यासोबत आम्हाला गिळलं.

आतून बाहेरचं सगळं ऐकू यायचं. साहेबराव गावातले पोटाचे जाणकार. एरंडेल, त्रिफळा, इसबगोल, सगळं त्यांनी बायकोवर करून पाहिलेलं. स्वतःचं पोट साफ असल्याचं श्रेय मात्र ते स्वतःच्या शिस्तीला देत.

तिसऱ्या दिवशी ते चूर्ण कालवून घेऊन आले. "घे गुमान. रिपोर्ट खराब आला तर लोक काय म्हणतील? साहेबरावाच्या घरात पोट बिघडलं!"

"डाक्टरीण नाय म्हनली ना?"

"ती शिकलेली हाय, मी अनुभवी हाय."

केसरबाईंनी वाटी घेतली, परसात गेल्या आणि चूर्ण कढीपत्त्याच्या मुळाशी ओतलं. तीस वर्षांत नवऱ्याचं न ऐकल्याची बहुधा ही पहिलीच वेळ. त्यांच्या छातीची धडधड मला आतड्यात जाणवली.

पाचव्या दिवशी फोटो निघाला. चौघी आधीच बाहेर पडल्या होत्या. उरलेल्या आम्ही वीसजणी अगदी शेवटच्या वळणाला, दाराशी गर्दी करून उभ्या.

"आतडं झकास चालतंय," डॉक्टर म्हणाल्या. "ऑपरेशनची गरज दिसत नाही. सगळं दारापाशी अडलंय. मावशी, जावंसं वाटलं की लगेच जाता का?"

"कसं जाणार? सकाळी हे आत असत्यात. पेपर घिऊन. तास-दीड तास. मग पोरं. तवर मी चुलीपाशी. मग येतच नाय."

"रोज?"

"लग्न झाल्यापासून."

तनुजाला हसू आवरेना. साहेबराव म्हणाले, "शांतपणे वाचाया दुसरी जागाच नाय घरात."

पुन्हा पुन्हा रोखून धरल्यानं स्नायू सैल सोडायचंच विसरतात हे डॉक्टरांनी समजावलं, व्यायाम शिकवला आणि चिठ्ठीवर ठळक लिहिलं: सकाळी पहिला नंबर केसरबाईंचा.

दोन दिवसांनी सकाळी केसरबाईंनी संडासाला आतून कडी लावली. बाहेर साहेबराव येरझारा घालत होते.

"लई टाइम लागंल का गं?"

"लागंल तेवढा लागंल. तुम्ही भाकरी थापा तवर."

त्याच सकाळी आम्ही उरलेल्या सगळ्याजणी सुटलो. आता मी संडासाच्या टाकीत, अंधारात पडून आहे. पुन्हा कुणी माझा फोटो काढणार नाही. वरून पाणी पडलं की कळतं, बाई आज वेळेवर आल्या. वाचणाऱ्या पुरुषांनो, तुमच्या घरातही कुणीतरी पोट धरून दाराबाहेर उभं असेल. लवकर उठा तिथून. येते मी.