उजव्या पायाचे ठसे

फ्रेमवाल्याचं दुकान पुढे आणि घर मागे, मध्ये फक्त एक पडदा. दिवसभर तो एका उंच स्टुलावर बसून लाकडाच्या पट्ट्या कापायचा, काच बसवायचा, मागून पुठ्ठा ठोकायचा. जागचा हलायचा नाही. बायको रोज सकाळी फिरायला निघताना त्याला हाक मारायची आणि तो रोज कूस बदलायचा. "मी हातांनी चालतो," असं त्याचं ठरलेलं उत्तर असे. चहात तीन चमचे साखर, जेवणावर काहीतरी गोड, आणि जेवल्याबरोबर आडवं होणं, हा त्याचा नेम वीस वर्षांत मोडला नव्हता.

त्याचे वडील, अण्णा, साखरेच्या आजारानेच गेले. आधी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. पुढची चार वर्षं ते कुबड्या घेऊन याच खोल्यांतून फिरले. फरशीवर कुबड्यांचा ठोका पडायचा आणि मग उजव्या पायाचा थप्प असा आवाज. त्या दिवसांबद्दल फ्रेमवाला कधी बोलत नसे. रक्त तपासून घ्या असं बायकोने सुचवलं की म्हणायचा, मला काही होतंय का? ठणठणीत आहे मी.

त्या सकाळी बायको फिरायला गेल्यावर त्याने दाराला आतून कडी घातली. दुकानात जाऊन दिवा लावला, आदल्या दिवशीच्या अर्धवट फ्रेमवरून हात फिरवला, स्वयंपाकघरात येऊन चहा ठेवला. मग चष्मा आणायला परत दुकानाकडे वळला आणि पडद्यापाशीच थबकला.

फरशीवर लाल ठसा होता. पावलाचा. त्याच्यापुढे आणखी एक, मग आणखी एक. ओले, ताजे. रात्री झोपण्याआधी त्याने स्वतः फरशी पुसली होती.

चोर शिरला असेल, असं त्याला आधी वाटलं. त्याने हातोडी उचलली आणि दार पाहिलं. कडी जशीच्या तशी होती. मागच्या दाराचा अडसरही जागेवर. खिडक्यांना गज. म्हणजे जो कोणी होता तो आतच होता.

तो वाकून ठसे बघू लागला आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. सगळे ठसे उजव्या पायाचे होते. डाव्याचा एकही नाही. अंगठा बाहेर वळलेला, अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात बोटभर फट. हे पाऊल त्याच्या ओळखीचं होतं. चार वर्षं त्याने ते रोज कोमट पाण्याने धुतलं होतं.

"अण्णा?" तो हळूच म्हणाला. चहा उकळत होता, तेवढाच काय तो आवाज.

ठसे दुकानातून स्वयंपाकघरात गेले होते, ओट्यापाशी दाटीवाटीने उमटले होते. तो त्यांच्या मागोमाग ओट्यापर्यंत गेला. तिथून मोरीत डोकावला. मोरी कोरडी. झोपायच्या खोलीत गेला, पलंगाखाली पाहिलं. काही नाही. हुश्श करून मागे वळला, तर खोलीच्या उंबऱ्यावर ठसा. आत येताना तो तिथे नव्हता, याबद्दल त्याला शपथ घ्यायला सांगितली असती तर त्याने घेतली असती. पलंगाजवळ दुसरा. मोरीच्या तोंडाशी तिसरा. जिथे जिथे तो जात होता, तिथे तिथे ते पाऊल त्याच्या पाठोपाठ येत होतं.

तो भिंतीला पाठ लावून उभा राहिला. चहा उतू गेला, गॅस विझला, तरी तो हलला नाही.

दार वाजलं तेव्हा भिंतीला धरून धरून तो गेला आणि त्याने कडी काढली. बायकोने त्याचा चेहरा पाहिला, हातातली हातोडी पाहिली.

"घरात कोणीतरी आहे," तो कुजबुजला. "अण्णांचं पाऊल आहे."

तिची नजर त्याच्या चेहऱ्यावरून खाली खाली गेली.

"अहो, पाय उचला."

त्याने डावा उचलला.

"दुसरा."

उजव्या तळव्यात, अण्णांसारख्याच बाहेर वळलेल्या अंगठ्याच्या खाली, काचेचा तुकडा रुतला होता. चांगला बोटाच्या पेराएवढा. तो त्यावर उभा होता, चालला होता, वाकला होता. त्याने वाकून तुकडा पाहिला आणि भूत दिसलं असतं तरी बसला नसता एवढा धक्का त्याला बसला. काच त्याच्या पायात होती आणि पायाने त्याला सांगितलंच नव्हतं.

"काखेत कळसा," बायको म्हणाली. तिला हसायचं होतं, पण खाली बसून तिने त्याची टाच हातात घेतली.

डॉक्टरीणबाईंनी काच काढली, टाके घातले, रक्त तपासायला पाठवलं. मग त्याला डोळे मिटायला सांगितलं. मी पायाला दोरा टेकवीन, जाणवला की हो म्हणा, एवढंच. तो डोळे मिटून वाट बघत राहिला. बराच वेळ गेला.

"बाई, सुरू कधी करताय?" त्याने विचारलं.

"झालं," त्या म्हणाल्या. "दोन्ही पायांना दहा-दहा ठिकाणी टेकवला."

साखर कितीतरी वर्षं वाढलेली असावी, असं त्या म्हणाल्या. ती दुखत नाही, म्हणूनच फावतं तिला. गेलेली जाणीव परत येईलच असं त्यांनी सांगितलं नाही. राहिलेली मात्र राखता येईल म्हणाल्या. गोळ्या दिल्या, आणि गोळ्यांइतकंच बजावलं ते रोजच्या वागण्याचं. ताटात अर्धी भाजी, चहा बिनसाखरेचा, रात्रीचं जेवण लवकर, जखम भरली की जेवणानंतर पंधरा मिनिटं चालणं, दर अर्ध्या तासाने स्टुलावरून उठणं. घरातही चप्पल, आणि रोज तळवे आरशात बघणं. घरातल्या बाकीच्यांचंही रक्त तपासा, असंही सांगितलं.

त्याचा धाकटा भाऊ आधी हे हसण्यावारी नेत होता. फ्रेमवाला त्याच्याशी वाद घालत बसला नाही. काचेचा तुकडा कागदाच्या पुडीत होता, तो त्याच्या तळहातावर ठेवला. दुसऱ्या दिवशी भाऊ तपासून आला. साखर काठावर होती, अजून पलीकडे गेली नव्हती. त्याने गोड पेयं सोडली, रोज सकाळी यांच्याबरोबर चालायला लागला. वर्षभरात त्याचा आकडा मागे आला आणि पोटही.

फ्रेमवाल्याची जखम भरायला दोन महिने लागले. साखर आटोक्यात आली. पायांची बोटं मात्र मुकीच राहिली. जाड बूट घालून तो चालतो तेव्हा पाऊल टेकलं हे त्याला पायाने कळत नाही, कानाने कळतं. म्हणून तो चालताना बोलत नाही. शेजारून एखादा ट्रक धडधडत गेला की त्या आवाजात त्याची पावलं बुडून जातात, आणि तो जागीच थांबतो. आवाज विरेपर्यंत बायको आणि धाकटा त्याच्यासाठी थांबतात. का थांबलास, असं कोणी विचारत नाही.